नवी नळी गोळीपेक्षा सळईने अधिक बिघडते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर नवशिक्या नेमबाजांसाठी अलीकडे ज्या सूचना प्रसिद्ध झाल्या, त्यांतील नव्या रायफलीविषयीच्या परिच्छेदाबद्दल हे पत्र लिहीत आहे. नवी नळी पहिल्या पन्नास राउंडांपर्यंत, म्हणजे पन्नास गोळ्या सुटेपर्यंत, प्रत्येक राउंडानंतर ब्रशने घासून साफ केली नाही, तर ती कायमची बिघडते, अशा अर्थाचा सल्ला त्यात सरसकट सर्वांना दिला आहे. हा सल्ला एका विशिष्ट प्रकारच्या नळीसाठी बऱ्याच अंशी खरा आहे. आपल्या शहरातील मुले-मुली ज्या रायफलींवर सराव करतात, त्यांना मात्र तो लागू पडत नाही. आणि नळी खरोखर कशाने खराब होते, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. माझी नोकरी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून झाली, तिचा मोठा भाग इंदूरजवळच्या महूला गेला, आणि निवृत्तीनंतर इंदुरातच स्थायिक झाल्यामुळे ओळखीपाळखीतले लोक रायफलीविषयी विचारायला अजूनही येतात. त्यांतले अनेक जण आता ते कात्रण दाखवू लागले आहेत, म्हणून हा खटाटोप.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्यप्रताप सिंह तोमरही उतरला होता. तेव्हापासून मराठी घरांतून रायफल नेमबाजीविषयी कुतूहल वाढले आहे, हे उघडच दिसते. त्यातून इंदूर हे तर या विद्येचे जुने ठाणे. महूला इन्फंट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, जिथे सराव केलेल्या विजय कुमारने २०१२ मध्ये लंडनला पिस्तुलात रौप्यपदक मिळवले; आणि शहराच्या कडेला सीमा सुरक्षा दलाची शस्त्रे व युद्धकौशल्य शिकवणारी संस्था आहे. एवढे जाणकार हाताशी असताना चुकीचा सल्ला छापून यावा, याचे वाईट वाटते.

आधी हा नळी ‘बसवण्या’चा, म्हणजे नवी नळी सुरुवातीला प्रत्येक राउंडानंतर साफ करण्याचा, प्रकार का निर्माण झाला, ते पाहू. रायफलीची नळी म्हणजे पोलादाच्या कांबीला आरपार लांब भोक पाडून, ते रीमर नावाच्या फिरत्या कापणाऱ्या हत्याराने मापात आणून, मग त्याच्या आतल्या भिंतीवर पेचदार खाचा पाडलेली वस्तू. खाचा पाडण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिलीत एक बारीक पाते नळीतून पुन्हापुन्हा ओढून प्रत्येक वेळी केसाहूनही पातळ थर कापला जातो; दुसरीत अत्यंत कठीण धातूचे ‘बटन’ नळीतून दाबून नेले जाते आणि खाचा कापल्या न जाता दाबाने उमटतात; तिसरीत नक्षी कोरलेला कठीण दांडा आत घालून बाहेरून यांत्रिक हातोड्यांनी नळी त्यावर ठोकली जाते. उंची नळ्यांवर यानंतर आणखी एक संस्कार होतो: सळईच्या टोकावर शिशाचा ठोकळा नळीच्याच मापात ओतून, त्याला घर्षणाची पेस्ट लावून, तो कारागीर हाताने पुढे-मागे फिरवतो. या लॅपिंगमुळे नळीतले सूक्ष्म ओरखडे गोळीच्या प्रवासाच्या दिशेतच, म्हणजे नळीच्या लांबीला समांतर पडतात. असे ओरखडे निरुपद्रवी असतात, कारण गोळी त्यांच्यावरून सरकत जाते.

अडचण पुढे येते. नळी तयार झाल्यावर तिच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी चेंबर कापावे लागते, आणि ते कापणारे रीमर गोल फिरते. चेंबर जिथे संपते आणि गोळी पहिल्यांदा खाचांना भिडते, त्या जागेला रेंजवर सगळे ‘थ्रोट’ म्हणतात. तिथे रीमरच्या धारेचे ओरखडे गोळीच्या वाटेला आडवे राहतात. मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतला व्यास मोठा असलेल्या, रायफलीतील गोळीवर तांब्यात थोडे जस्त मिसळलेल्या धातूचे आवरण असते. गोळी त्या आडव्या ओरखड्यांवरून रेटली गेली की आवरणाचे कण खरवडले जातात. मागून येणारा वायू अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असल्यामुळे त्यातले काही कण वाफ होऊन पुढे वाहतात आणि नळीत पुढे थंड पोलादावर बसतात. पुढची गोळी त्या तांब्याच्या पुटावरून जाते, आणि तांब्यावर तांबे अधिकच चिकटते. हे पूट खाचांत असमान वाढले की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, पसरू लागतो. म्हणून काही नामवंत नळीकार असे सुचवतात की, पहिल्या काही राउंडांत प्रत्येक राउंडानंतर तांबे काढून टाकावे, म्हणजे पुढच्या प्रत्येक गोळीला थ्रोटच्या उघड्या पोलादावरून जाऊन तेथील ओरखडे बोथट करता येतील. ‘बसवणे’ ते एवढेच. नळीच्या संपूर्ण लांबीत त्याने काही जादू होत नाही. जो काही फरक पडतो तो थ्रोटच्या त्या जेमतेम पेरभर जागेत पडतो.

हे समजले की ‘पन्नास’ हा आकडा कुठून आला, असा प्रश्न आपोआपच पडतो. हाताने लॅप केलेल्या उंची नळीत हे काम पाच-दहा राउंडांत संपू शकते. कारखान्यातून सरळ आलेल्या खरबरीत नळीत पन्नासनंतरही तांबे दिसत राहते आणि ती कधीच पूर्ण शांत होत नाही. स्टेनलेस पोलाद लवकर बसते, क्रोम-मॉली या मिश्र पोलादाला थोडे अधिक राउंड लागतात, असा अनेकांचा अनुभव आहे. ज्या सैनिकी नळ्यांच्या आत कठीण क्रोमचा मुलामा असतो, त्यांच्यावर या विधीने काहीच साध्य होत नाही, कारण तो मुलामा दहा-वीस गोळ्यांनी झिजून गुळगुळीत होणारा नाही. दुसऱ्या बाजूला अनुभवी नळीकारांचा असाही एक गट आहे, जो या सगळ्याला निव्वळ काडतुसांची उधळपट्टी मानतो. दोन्ही बाजूंच्या नळ्या स्पर्धा जिंकतात, तेव्हा या वादात कोणा एकाची बाजू घेण्याचे मला कारण दिसत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, कधी थांबायचे हे आकड्याने ठरवायचे नसते. ते नळीतून फिरवलेल्या सफाईच्या चिंधीवरून ठरते.

चिंधी कशी वाचावी, ते थोडे सविस्तर सांगतो. रायफल नवी आली की पहिला राउंड टाकण्याआधी कारखान्यातले संरक्षक तेल आणि ग्रीस पूर्णपणे काढून नळी कोरडी करावी. मग रेंजवर एक राउंड टाकावा. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली पहिली चिंधी काळी येते. ती दारूची काजळी असते, तिला घाबरण्याचे कारण नाही. काजळी निघाल्यावर तांबे विरघळवणाऱ्या द्रावाची चिंधी फिरवून, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबून, पुन्हा स्वच्छ चिंधी काढली की तिच्यावर निळसर-हिरवी छटा दिसते. ते तांबे. छटा नाहीशी होईपर्यंत साफ करावे, नळी कोरडी करावी आणि दुसरा राउंड टाकावा. पहिल्या काही राउंडांना गडद निळी येणारी चिंधी जेव्हा फिकट येऊ लागते, तेव्हा तीन-तीन राउंडांनंतर साफ करून पाहावे, आणि तीन राउंडांनंतरही फिकटच राहिली तर विधी तिथेच संपवावा. इथे एक फसगत संभवते. पितळी जॅगवर, म्हणजे सळईच्या टोकाला चिंधी धरणाऱ्या तुकड्यावर, किंवा कांस्याच्या ब्रशवर तोच द्राव लागला तर जॅगचे आणि ब्रशचे तांबेही विरघळते, आणि नळी स्वच्छ असूनही चिंधी निळीच येत राहते. मग माणूस तासन्‌तास घासत बसतो. तांब्याच्या द्रावासाठी निकेलचा मुलामा दिलेला किंवा प्लॅस्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश वापरावा. अमोनियाचा द्राव रात्रभर नळीत ठेवू नये, उघड्या खिडकीशी बसून वापरावा, आणि शेवटी तो पूर्ण पुसून हलके तेल फिरवावे.

काडतुसांच्या खर्चाकडेही या सल्ल्यात कोणी पाहिलेले दिसत नाही. आपल्याकडच्या शस्त्रपरवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील, हे लिहिलेले असते. देवास-धारकडच्या ज्या शेतकऱ्याकडे पिकांच्या राखणीसाठी ३१५ बोअरची रायफल आहे, त्याने या वर्तमानपत्री सल्ल्यापायी पन्नास राउंड विधीत घालवावेत, हे मला पटत नाही. शिवाय प्रत्येक राउंड थ्रोटला थोडा तरी जाळतोच. मोठ्या बोअरच्या नळीचे अचूकतेचे आयुष्य काही हजार राउंडांचे असते, आणि तापलेल्या नळीतून घाईघाईने गोळ्या सोडल्या तर ते आणखी घटते. म्हणून बसवण्याच्या काळात काही काळजी घ्यायचीच असेल तर ती एवढीच की, नळी हाताला सोसवेल इतकी गार झाल्याशिवाय पुढचा राउंड टाकू नये. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात ठेवलेली रायफल गोळी न सुटताच तापते, हे वेगळे सांगायला नको.

आता या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या क्लबांतून आणि शाळा-महाविद्यालयांच्या एन.सी.सी. तुकड्यांतून मुले ज्या रायफली हाताळतात, त्या .२२ बोअरच्या रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या तळाच्या कडेवर आघात होऊन गोळी सुटणाऱ्या, असतात, किंवा ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफली. .२२ ची स्पर्धेत वापरली जाणारी गोळी ही ४० ग्रेन वजनाची साधी शिशाची गोळी असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा पातळ थर असतो. तिच्यावर तांब्याचे आवरणच नसते. मग नळीत तांबे कुठून येणार, आणि ते काढायला अमोनियाचा द्राव कशासाठी? काडतुसातला दाबही मोठ्या बोअरच्या निम्म्याहून बराच कमी, आणि शिसे पोलादापुढे इतके मऊ की थ्रोटचे ओरखडे झिजवणे त्याच्या आवाक्यातले काम नाही. उलट अशी नळी काही राउंडांनंतरच बोलू लागते: गोळीवरचे मेण नळीभर सारखे पसरले की मगच ग्रुप स्थिर होतो. अगदी काडतुसाचा ब्रँड बदलला तरी नवे वंगण जुन्याची जागा घेईपर्यंत पहिले काही राउंड इकडेतिकडे जातात. ज्या स्पर्धेत दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पात्रता फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून वीस-वीस मिळून साठ गोळ्या सोडायच्या असतात, तिथे प्रत्येक राउंडानंतर घासून कोरडी केलेली नळी म्हणजे प्रत्येक गोळीला नवी परिस्थिती. एखाद्या मुलीने नवी जर्मन रायफल आणावी आणि या सूचनेप्रमाणे ती पन्नास वेळा कांस्याच्या ब्रशने घासावी, तर रायफल सुधारणार नाहीच. वर ग्रुप का बसत नाही म्हणून तिचे प्रशिक्षक तिच्या श्वासात आणि ट्रिगरवरच्या बोटात दोष शोधत बसतील.

याचा अर्थ .२२ ची नळी कधीच साफ करू नये, असा कोणी घेऊ नये. चेंबरच्या पुढच्या कडेला काजळीचे आणि शिशाचे एक कडक कडे तयार होत जाते. ते वाढले की काडतूस बसताना अडखळते आणि अचूकता हळूहळू, कळणारही नाही अशी, उतरते. ते कडे कार्बन विरघळवणाऱ्या द्रावात भिजलेली चिंधी चेंबरशी काही वेळ ठेवून, मग हलक्या हाताने नायलॉनचा ब्रश फिरवून निघते. एरवी सरावानंतर दोन-तीन चिंध्या किंवा नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सफाईच्या गोळ्या पुरतात. एअर रायफलीला तर ब्रश आणि द्राव दोन्ही लावू नयेत. तिच्या सीलना द्रावाने इजा होते, आणि जुन्या स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टनपुढे तेल गेले तर दाबाच्या उष्णतेने ते पेटते. तिच्यासाठी नमद्याची कोरडी गोळीच योग्य.

मग नळ्या बिघडतात कशाने? माझ्या हाताखालून गेलेल्या नळ्यांपुरते बोलायचे तर बहुतेक सफाईच्या सळईने. रायफलीचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, काढायचा आळस म्हणून पुढून, म्हणजे मझलकडून सळई घालायची. ती सळई तीन तुकडे आट्यांनी जोडलेली, ॲल्युमिनियमची, जिच्या जोडांच्या कडा नळीला खरवडतात आणि जिच्या मऊ अंगात धुळीचे कण रुतून बसतात. ती वाकली की प्रत्येक फेरीला मझलची एकच कड घासायची. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती जागा म्हणजे मझलवरचा क्राउन. तिथली कड एका बाजूला किंचितही झिजली तर गोळीमागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला सुटतानाच कलवतो. थ्रोटचा ओरखडा गोळ्या झिजवतात. झिजलेला क्राउन मात्र कोणतीही गोळी भरून आणत नाही, त्याला लेथवर चढवून नवा क्राउन कापावा लागतो.

फौजेत हे फार आधीपासून माहीत आहे. ‘पुलथ्रू’ची, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची, दोरी तिरकी ओढली की ती मझलच्या एका बाजूला चर पाडते, म्हणून दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढायची, हे रंगरुटाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. चिंधीचे मापही ठरलेले असते, चार इंच बाय दोन इंच, आणि तेलाच्या चिंधीची रुंदी त्याहून थोडी कमी. जाड चिंधी कोंबून ती अडकली तर शिपाई स्वतः काढत नाही, आर्मररकडे आणतो. अडकलेल्या चिंधीवर राउंड टाकला तर नळी फुगते किंवा फाटते आणि सोबत हाताचीही वाट लागते. तारेची जाळी दोरीला बांधून नळी घासणे हे तर परवानगीशिवाय निषिद्ध. या शिस्तीमागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नासलेल्या नळ्या आहेत, आणि क्लबांनी ती जशीच्या तशी उचलली तरी चालेल.

घरी सफाई करताना एकसंध, शक्यतो प्लॅस्टिकचे अस्तर असलेली सळई घ्यावी. बोल्ट काढून त्या जागी नळीमार्गदर्शक नळकांडे, ज्याला सगळे बोअर गाइड म्हणतात, बसवावे. आणि सळई मागून पुढे ढकलावी. चिंधी मझलबाहेर गेली की ती तिथेच काढून टाकावी, घाण घेऊन परत ओढू नये. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नये, पूर्ण बाहेर गेल्यावरच हलकेच परत आणावा. पोलादी ब्रश दुकानदाराने फुकट दिला तरी घेऊ नये. प्रत्येक फेरीनंतर सळई पुसावी. ज्या रायफलींची सफाई मागून करताच येत नाही, त्यांच्या मझलवर बसणारे मार्गदर्शक मिळते, ते वापरावे. साफ करताना रायफल टेकवायच्या पाळण्यात, म्हणजे आधारचौकटीत, आडवी ठेवून तोंड किंचित खाली असू द्यावे, म्हणजे द्राव उलटा वाहून ट्रिगरमध्ये आणि लाकडी दस्त्यात मुरणार नाही.

द्रवांविषयी आपल्याकडे काही घरगुती समजुती आहेत, त्यांचाही परामर्श घ्यायला हवा. रॉकेलने तेलकटपणा आणि थोडी काजळी निघते, पण तांबे निघत नाही. रॉकेल उडून गेले की पोलाद उघडे पडते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत त्यावर गंज धरतो. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली थिजते, म्हणजे इंदूरच्या पौषात ते नळीत घट्ट बसते, आणि जुने झाले की चिकट होते. मोहरीच्या तेलाचीही तीच तऱ्हा. पितळ उजळायची पेस्ट आणि पॉलिश पेपर नळीत घालणाऱ्यांशी वाद घालण्याची माझी ताकद आता उरलेली नाही. शिवणयंत्राचे हलके तेल अडीअडचणीला चालते. जुन्या साठ्यातील सैनिकी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराईड उरते, जे साध्या मिठाचा सख्खा भाऊच आहे. हवेतला ओलावा ओढून घेऊन ते नळी खाते, आणि तेलात विरघळत नसल्यामुळे वरून कितीही तेल लावले तरी खाली त्याचे काम चालूच राहते. म्हणून त्या काळी नरसाळ्याने उकळते पाणी नळीत ओतायची पद्धत होती, आणि ती अगदी शास्त्रशुद्ध होती. आजच्या स्पर्धेच्या काडतुसांना तिची गरज नाही.

आषाढ-श्रावणात आणखी एक पथ्य पाळावे. रायफल कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या खोळीत महिनोन्‌महिने ठेवू नये, खोळ ओलावा धरून ठेवते. कपाटात सिलिका जेल ठेवावे, पंधरा दिवसांनी नळीत तेलाची चिंधी फिरवावी, आणि रेंजवर जाण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने आठवणीने पुसून टाकावे. तेल साचलेल्या नळीतून पहिला राउंड भलतीकडे जातोच. तेल जास्त असेल तर दाबही वाढतो.

रिमफायर काडतुसाच्या दारू पेटवणाऱ्या मिश्रणात आणि गोळीत शिसे असते. रेंजवर सफाई करणाऱ्या मुलांना पालकांनी डबा खाण्याआधी गार पाण्याने साबण लावून हात धुवायला लावावेत, आणि वापरलेल्या चिंध्या घरातल्या पुसण्याच्या फडक्यांत मिसळू देऊ नयेत. आपल्या सूचनांत हे वाक्य पहिले यायला हवे होते. त्याच्याही आधी एक: सफाईला बसण्यापूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून चेंबरमध्ये पाहून ते रिकामे असल्याची खात्री करावी, आणि त्या टेबलावर एकही काडतूस ठेवू नये.

कायद्याचे दोन शब्द लिहितो, कारण मळ्यात जाऊन नळी बसवतो, असे सांगणारे लोकही मला भेटले आहेत. असे करता येत नाही. राउंड टाकायचे ते रेंजवरच. लग्नाच्या वरातीत ‘नवी रायफल मोकळी करण्याची’ जी हौस आपल्या भागात दिसते, तिच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाच्या २५ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सफाई मालकाने स्वतः करावी, पण दुरुस्ती करणाऱ्याकडे त्याचा परवाना असावा लागतो. आणि क्राउन खराब झाला म्हणून कोणा ओळखीच्या लेथवाल्याकडून नळी कापून घेण्याच्या फंदात तर कोणीच पडू नये. नळी आखूड करण्याविषयी अधिनियमाचे सहावे कलम स्वतंत्र आहे, ते आधी वाचावे.

शहरातील क्लबचालकांना माझी एक विनंती आहे. नवी रायफल मागवताना तिच्याबरोबरच एक चांगली एकसंध सळई, तिला साजेसे बोअर गाइड आणि एक साधा लाकडी पाळणा विकत घ्यावा. रायफलीच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे. प्रत्येक नळीची एक वही ठेवावी, जिच्यात किती राउंड सुटले, कोणत्या लॉटची, म्हणजे उत्पादनाच्या खेपेची, काडतुसे होती, कधी साफ केली आणि चिंधी कशी आली, एवढे लिहिले जावे. .२२ च्या रायफलीला कोणत्या लॉटची काडतुसे मानवतात, हे त्या वहीतूनच कळते, आणि ग्रुप पसरू लागला तर दोष नळीचा की नेमबाजाचा, हेही निम्म्या वेळा तिथेच सापडते. पाचवी-सहावीतल्या मुलांच्या हाती सळई देण्यापूर्वी प्रशिक्षकाने एकदा स्वतः सफाई करून दाखवावी. कोणत्याही क्लबने सांगावे, रविवारी सकाळी मी माझी सळई घेऊन यायला तयार आहे. मानधन नको, फक्त टेबल स्थिर असावे.

आपल्या क्रीडापानाने पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी की, तो सल्ला तांब्याचे आवरण असलेल्या गोळीच्या रायफलीपुरताच आहे, .२२ आणि एअर रायफलीसाठी तो नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त आर्मरर
रामबाग, इंदूर